पंचवीस डीबीआयची दांडी

आधी एक रात्र सांगतो, मग भांडायला बसतो.

ऑगस्ट २०२३. गावाला (मंडणगड तालुका, वाडीचं नाव राहू दे) रात्री साडेअकराला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. कधीच नव्हती. घर उताराला, आजूबाजूला कलमं आणि माड, आणि रेंज वर सड्यावर. मग आईने, वय वर्षं ६८, एका हातात बॅटरी घेतली, दुसऱ्या हातात छत्री, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचला आणि भर पावसात सडा चढली. वर पोचून तिने मला फोन केला नाही. चुलतभावाला केला, तो बाजाराजवळ राहतो. बरोबरच केलं, मी पुण्यात बसून काय दिवे लावणार होतो? तो गाडी घेऊन आला, डॉक्टर झाले, ईसीजी झाला, पित्त निघालं. सगळे हुश्श. फक्त सड्यावरून उतरताना शेवाळलेल्या जांभ्यावरून आई घसरली आणि तिचं मनगट मोडलं. पित्त बाबांना, प्लास्टर आईला.

आता गंमत बघा. चुलतभावाच्या घरी फायबर आलेलं होतं. त्याचं घर आमच्या घरापासून सरळ रेषेत १.४ किलोमीटर. आमच्या माळ्यावरच्या झरोक्यातून त्याच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते. घरात नेट आलं की वायफायवरून फोन लागतो, म्हणजे सडा चढायचं काम संपलं. टाकी दिसते म्हणजे वायरलेस लिंक होऊ शकते, एवढं इंजिनियरिंग मलाही येतं.

अडचण एकच, जागा. कौलांवर काही लावायचं तर वानरं आहेत. डीटीएचच्या डिशवर बसून झोके घेणं हा त्यांचा आवडता कार्यक्रम. शिवाय ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आम्ही बघितलंय, त्यात कौलं तर गेलीच, पण डिश दोन घरं पलीकडच्या परसात सापडली. आणि छपरावर काही बिघडलं तर चढणार कोण? बाबांचे गुडघे? भिंती जांभ्याच्या, दीड फूट जाड, त्यांच्यातून सिग्नल आरपार जायचा प्रश्नच नाही. उरला तो माळ्याचा झरोका. लाकडी गजांच्या आतून मोजला तर ३२ बाय ३४ सेंटीमीटर. जे काही बसवायचं ते एवढ्यात.

मग मी सॉफ्टवेअरवाल्याने करायचं ते केलं. चहा पिता पिता मोबाइलवरून ऑर्डर केली. '२५ डीबीआय हाय गेन', लांबी २५ सेंटीमीटर, काळी, बारीक, सर्वदिशी दांडी. एक नाही, दोन. रिव्ह्यू उत्तम होते. झरोक्यात मावत होती. किंमत एका पिझ्झाची.

तर मंडळी, आजचं भांडण या दांडीशी आहे. पण विकणाऱ्याशी फारसं नाही. विकणारे खोटं बोलतात ही काही बातमी नव्हे. भांडण आहे ते विकत घेणाऱ्यांशी, म्हणजे माझ्याशी आणि (माफ करा) तुमच्याशी. ज्यांना दिवसभर आकडे हाताळायचा पगार मिळतो, ज्यांना सर्व्हरची लेटन्सी दोन मिलीसेकंदांनी वाढली तर झोप येत नाही, ते आपण डब्यावरचा आकडा बघून मान डोलावतो. एकदाही गुणाकार करत नाही.

करू या का? फार अवघड नाही.

अँटेना ऊर्जा तयार करत नाही. ती पितळेची असो की सोन्याची, तिला कुठून आणणार ऊर्जा? ती फक्त असलेली ऊर्जा एका बाजूला वळवते. आईच्या हातातल्या बॅटरीचा दिवा नुसता बाहेर काढला तर खोलीभर मिणमिणता उजेड. त्यामागे ती चकचकीत वाटी लावली की लांबचा दगड दिसतो. दिवा तोच, सेल तेच. गेन म्हणजे ती वाटी. सगळीकडे सारखी फेकणारी एक काल्पनिक अँटेना धरायची आणि तिच्यापेक्षा आपली किती पट जास्त फेकते ते मोजायचं, हे झालं डीबीआय. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट. साध्या द्विध्रुव अँटेनाचा गेन २.१५ डीबीआय, राउटरवरच्या त्या काळ्या शेंगा जवळपास त्याच जातीच्या.

आता २५ डीबीआय म्हणजे ३१६ पट. चहूबाजूंना सारखी फेकणारी उभी दांडी गेन मिळवते कशी? वर आकाशात आणि खाली जमिनीत जाणारी ऊर्जा वाचवून ती आडवी पसरवते, चकती चपटी करते. चकती जितकी चपटी हवी तितकी दांडी लांब. ढोबळ हिशेब असा की गेन म्हणजे दांडीची लांबी भागिले अर्धी तरंगलांबी. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेबारा सेंटीमीटर. म्हणजे ३१६ पट गेनसाठी दांडी हवी सुमारे २० मीटर.

वीस मीटर! आमच्या परसातला सगळ्यात उंच माड साधारण तेवढा असेल.

आणि माझ्या हातातली २५ सेंटीमीटरची? कितीही मनापासून बनवली तरी चार पट, म्हणजे ६ डीबीआय. छापील आकडा आणि खरा आकडा यांच्यात जवळजवळ ऐंशी पटींचा फरक. दुधात इतकं पाणी घालणाऱ्याला आपण गवळी तरी म्हणू का?

असो. दांडीने अर्थातच काही केलं नाही. मग मी दुसरी चूक केली, आणि ती जास्त मोठी होती. बूस्टर मागवला.

'सिग्नल पोचत नाही? पॉवर वाढवा.' सर्व्हर हळू? रॅम वाढवा. प्रोजेक्ट उशिरा? माणसं वाढवा. आपल्या धंद्याचा हा कुळाचारच. २ वॉटचा ॲम्प्लिफायर आला. चुलतभावाने राउटर घरात ठेवला, ॲम्प्लिफायर राउटरशेजारी, आणि तिथून दहा मीटर बारीक कोॲक्स केबल गच्चीवरच्या अँटेनापर्यंत. ही जी बारीक केबल दुकानात सहज मिळते तिच्यात २.४ गिगाहर्ट्झला मीटरमागे साधारण १ डेसिबल जातो. दहा मीटरला दहा डेसिबल. म्हणजे राउटरमधून निघालेल्या ऊर्जेतला दहावा हिस्सा वर पोचणार, बाकी नऊ हिस्से केबलच्या पोटात. बूस्टर जे दहापट वाढवत होता ते केबल दहापट खात होती. मी पैसे देऊन केबल कोमट करत होतो.

आणि हे झालं फक्त बोलण्याचं. लिंक दुतर्फा असते. इकडून कितीही ओरडा, तिकडचं उत्तर ऐकू आलं नाही तर संभाषण होत नाही. उलट दिशेला माळ्यावरून आलेला क्षीण सिग्नल आधी त्या दहा मीटर केबलमध्ये मरायचा आणि मग उरलेलं ॲम्प्लिफायरकडे यायचं. तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, वर स्वतःचा थोडा घालतो. जे केबलमध्ये बुडालं ते त्यानंतर कितीही मोठं केलं तरी वर येत नाही.

याहून वाईट गोष्ट मला दोन आठवड्यांनी कळली. चुलतभावाच्या घरासमोर शाळा आहे. तिथलं वायफाय आमचा बूस्टर लावल्यापासून रडायला लागलं होतं. गुरुजी बिचारे राउटर बंद-चालू करून थकले. आमच्या घरी काही पोचत नव्हतं ते नव्हतंच, पण सत्तर पोरांच्या शाळेचा मात्र आम्ही आवाज दाबला होता. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला तो अटींसह. यंत्राची पॉवर जास्तीत जास्त १ वॉट, आणि अँटेनाचा गेन धरून एकूण ४ वॉट. माझा बूस्टर २ वॉटचा. म्हणजे मी नियम मोडून वर मूर्खपणाही करत होतो. (मोबाइल टॉवरचा सिग्नल वाढवणारे रिपीटर तर परवानगीशिवाय लावणं सरळ बेकायदा आहे. तरीही शहरातल्या इमारतींत ते राजरोस लागतात आणि अख्ख्या गल्लीचे कॉल तुटतात. आपला तेवढा लागला की झालं.)

गुरुजींचा फोन आल्यावर मला लाज वाटली आणि मी पहिल्यांदा कागद घेऊन बसलो. जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते सहा आठवड्यांनी.

कागदावर पहिला प्रश्न. ३० सेंटीमीटरच्या चौकोनात जास्तीत जास्त गेन मावतो तरी किती? एकाच दिशेला बघणाऱ्या अँटेनाचा हिशेब सोपा आहे. पावसात पेला ठेवला तर पेलाभर पाणी, परात ठेवली तर परातभर. अँटेनाचं तोंड जेवढं उघडं तेवढं ती गोळा करते. सूत्र असं: क्षेत्रफळ भागिले तरंगलांबीचा वर्ग, गुणिले साडेबारा (म्हणजे चार पाय), गुणिले कार्यक्षमता, जी चांगल्या अँटेनात निम्म्याहून थोडी जास्त. ३० बाय ३० सेंटीमीटरला २.४ गिगाहर्ट्झवर उत्तर येतं सुमारे १६ डीबीआय. बस्स. त्याच जागेत १६ च्या जागी २४ देतो म्हणणारा माणूस परातीत विहीर विकतोय.

इथे कोणीतरी हुशार म्हणेल की सिद्धांतात छोट्या अँटेनातून हवा तेवढा गेन काढता येतो. खरंय, कागदावर येतो. त्याला सुपरडायरेक्टिव्हिटी म्हणतात. पण त्यासाठी शेजारशेजारच्या भागांतून प्रचंड आणि एकमेकांविरुद्ध प्रवाह खेळवावे लागतात. ते धातूतच उष्णता होऊन संपतात आणि अँटेना इतक्या चिंचोळ्या पट्ट्यात चालते की वायफायचा चॅनेलसुद्धा मावत नाही. छोट्या अँटेनाला काय काय झेपत नाही याचं गणित चू यांनी १९४८ मध्येच मांडून ठेवलंय. तेव्हापासून निसर्गाने त्याचे नियम बदललेले नाहीत, फक्त डब्यांवरची छपाई सुधारली आहे.

मग जागा वाढवता येत नसेल तर काय कमी करता येईल? सूत्रात खाली बघा. तरंगलांबी! ५.८ गिगाहर्ट्झला ती साडेबारावरून जेमतेम ५.२ सेंटीमीटर होते. तेवढ्याच ३० सेंटीमीटरच्या चौकोनात गेन होतो २३ डीबीआय. चौकोन तोच, गेन पाचपट. हे मी शोधलं नाही. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस १८९० च्या दशकात काही मिलीमीटर तरंगलांबीच्या लहरींवर प्रयोग करत होते आणि टेबलावर मावतील एवढ्या कर्ण्याच्या अँटेना वापरत होते. लहर छोटी म्हणून यंत्र छोटं.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की ५ गिगाहर्ट्झ लांब जात नाही. अर्धसत्य. १.४ किलोमीटर मोकळ्या हवेत २.४ ला १०३ डेसिबल घटतात आणि ५.८ ला ११०.५, म्हणजे साडेसात जास्त. पण झरोक्याएवढीच अँटेना दोन्ही टोकांना धरली तर प्रत्येक टोकाला सातप्रमाणे गेन वाढला चौदा. निव्वळ फायदा साडेसहा डेसिबल. साडेचार पट सिग्नल, न ओरडता. अट एकच, मध्ये मोकळी नजर हवी. पानं, भिंती, ओली झाडं यांच्यासमोर ५.८ जास्त रडतं. 'लांब जात नाही' ही तक्रार भिंतींबद्दल खरी आहे, हवेबद्दल नाही. भारतात ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ पासून घराबाहेरही परवान्याशिवाय वापरता येतात, अर्थात मर्यादांसह. प्रसारणाची मर्यादा गाठली की तिकडचा फायदा संपतो. ऐकण्यावर मात्र कुठल्याच सरकारने मर्यादा घातलेली नाही. मोठ्या कानाला परवाना लागत नाही.

दुसरा प्रश्न आणखी सोपा होता आणि तो सुचायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. जागा कमी आहे ती आमच्याकडे. चुलतभावाच्या गच्चीवर कुठे कमी आहे?

लिंकला दोन टोकं असतात. गेन कुठल्या टोकाला घातलाय याची लहरींना पर्वा नसते. इकडे ५ डेसिबल कमी पडले तर तिकडे ५ वाढवा, जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही सिग्नलना तेच मिळतं. माळ्याच्या झरोक्यात २५ डीबीआय कोंबायची मारामारी सहा आठवडे चालली होती आणि पलीकडे स्लॅबची मोकळी गच्ची पापड वाळवायला वापरली जात होती. तिथे ६० सेंटीमीटरची डिश बसवली. तिचा गेन २८. वानरं? बाजाराजवळ कुत्री आहेत, वानरं येत नाहीत. मग ९० ची का नाही? कारण गेन वाढला की झोत अरुंद होतो. ३० सेंटीमीटरच्या पॅनेलचा झोत साधारण १२ अंश, ६० च्या डिशचा ६, ९० च्या डिशचा ४. कोकणातल्या वाऱ्यात पाइप थोडा जरी वाकला तरी चार अंशांचा झोत आमचं घर सोडून शेजारच्या फणसाला नेट द्यायला लागणार. शिवाय वारा डिशचं क्षेत्रफळ बघतो, डीबीआय बघत नाही.

तिसरा प्रश्न केबलचा. उत्तर: काढून टाका. रेडिओ अँटेनाच्या पाठीवरच बसवलेला येतो, त्याला खालून नेटवर्कची केबल जाते, त्याच केबलमधून वीज. ती शंभर मीटरपर्यंत जाऊ शकते आणि तिच्यात तुमचा एकही डेसिबल जात नाही. केबलमध्ये गमावलेले दहा डेसिबल असे परत मिळाले. दहा डेसिबल अँटेनातून मिळवायचे असते तर तोंड दहापट मोठं करावं लागलं असतं, तीन फुटी झरोका!

चौथा प्रश्न उंचीचा. डोळ्याला टाकी दिसली म्हणजे लहरीला वाट मिळाली असं नसतं. लहर दोरीसारखी जात नाही, मध्यभागी फुगलेल्या काकडीसारखी जाते. १.४ किलोमीटरला ५.८ गिगाहर्ट्झवर मध्यावर त्या काकडीची त्रिज्या सव्वाचार मीटर, त्यातली निदान साठ टक्के, म्हणजे अडीच मीटर, मोकळी हवी. (२.४ वर हीच त्रिज्या साडेसहा मीटरच्या वर, तेव्हा इथेही छोटी लहर बरी.) आमच्या वाटेत एका हापूसच्या कलमाचा शेंडा होता. कलम बाबांच्या हातचं, त्याला कोण हात लावणार? गच्चीवरचा पाइप दोन मीटरने उंच केला. पाइप आणि क्लॅम्पचा खर्च त्या बूस्टरच्या एक चतुर्थांश.

आता अंतिम हिशेब. दोन्ही टोकांची पॉवर मी ६ डीबीएमवर आणली, म्हणजे ४ मिलीवॉट. त्यात माळ्याचे २३ आणि गच्चीचे २८ मिळवा, वाटेतले ११०.५ वजा करा. उत्तर उणे ५३.५ डीबीएम. प्रत्यक्षात आलं उणे ६३, कारण कलमाची पानं अजून थोडी कडेला लागतात. पावसात भिजली की उणे ६८. चांगल्या व्हिडिओ कॉलला एवढं भरपूर आहे. तुमच्या खिशातला मोबाइल टॉवरशी बोलताना गरज पडली तर २०० मिलीवॉट फेकतो. आमची दीड किलोमीटरची लिंक त्याच्या पन्नासाव्या हिश्श्यावर चालते. आणि समोरच्या शाळेला तिचा पत्ताही नाही.

इथे संपायला हवं होतं. पण लिंक लागली आणि व्हिडिओ तुटायला लागला. सिग्नल उत्तम, वेग भिकार. आणि बघा सवय कशी असते, माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय बाहेर पडलं? 'गेन कमी पडतोय बहुतेक.' सिग्नलचा आकडा समोर दिसत असताना! दोष होता माझ्याच धंद्याच्या भागात. वायफाय प्रत्येक पाकिटाची पोच मागतं आणि ठरावीक वेळात आली नाही तर पाकीट हरवलं समजून पुन्हा पाठवतं. १.४ किलोमीटर जाऊन परत यायला प्रकाशालाही नऊ मायक्रोसेकंदांहून जास्त लागतात. रेडिओच्या सेटिंगमध्ये अंतर तीनशे मीटर ठेवलेलं होतं. बिचारा वाट बघायच्या आतच कंटाळत होता. आकडा बदलला, प्रश्न संपला. व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी २००७ मध्ये दोन डोंगरांमधून वायफायने ३८२ किलोमीटर गाठले होते, त्यातही मोठ्या डिशांइतकंच महत्त्व या वाट बघण्याच्या वेळेला होतं.

मी हे इतकं चिडून का लिहितोय? कारण हा प्रश्न छंदाचा नाही. तमिळनाडूत थेनीला अरविंद नेत्र रुग्णालयाने बर्कलीच्या संशोधकांबरोबर २००० च्या दशकातच लांब पल्ल्याच्या वायफायने खेड्यातली नेत्र केंद्रं जोडली. खेड्यातला रुग्ण केंद्रात बसतो, डॉक्टर थेनीहून त्याला बघतात. स्वस्तातले रेडिओ, दिशा देणाऱ्या अँटेना, उंच मनोरे आणि आधी केलेला हिशेब. आणि आपल्याच नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी बघा. ४५ मीटरच्या तीस डिश. आकाशातून येणाऱ्या ज्या क्षीण लहरी ऐकायच्या त्यांचा 'ट्रान्समीटर' वाढवणं कोणाच्याच हातात नाही. वारा आणि खर्च दोन्ही आवाक्यात ठेवायचं होतं, म्हणून गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्र्याऐवजी तारांची जाळी ताणून डिश उभ्या केल्या. वारा जाळीतून निघून जातो, लांब तरंगलांबीची लहर मात्र परत फिरते. कुठली मर्यादा खरी आहे आणि कुठली नाही, हे त्यांनी आधी ओळखलं. पुण्याहून नाशिकला जाताना त्या डिशांच्या पाटीसमोरून आपण शंभर वेळा जातो आणि घरी येऊन २५ डीबीआयची दांडी मागवतो.

हिशेब अवघड आहे म्हणून आपण टाळतो असं मला वाटत नाही. आठवी-नववीच्या गणिताच्या पुढे यात काही नाही. आपण टाळतो कारण हिशेब करायला तिथे जावं लागतं. झरोका मोजावा लागतो. गच्चीवर उभं राहून कलमाचा शेंडा बघावा लागतो. गुरुजींना विचारावं लागतं. ऑर्डर करायला यातलं काहीच लागत नाही. आई-वडील गावाला, आपण शहरात, आणि मधल्या अंतरावर आपण वस्तू पाठवत राहतो. बूस्टर, मिक्सर, स्मार्टवॉच. पार्सल पोचलं की कर्तव्य पोचलं. ती लिंक उभी करायला मला शेवटी किती वेळ लागला सांगू? शनिवारची एक सकाळ आणि रविवारची एक दुपार. सहा आठवडे लागले ते तिथे न जाण्याला.

तेव्हा कमी जागेत जास्त गेन कसा मिळवायचा असं पुन्हा कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी जागा मोज. तेवढ्या जागेत मावणाऱ्या गेनचा आकडा काढ. डब्यावरचा आकडा त्याहून मोठा असेल तर डबा परत ठेव. मग लहर छोटी कर, केबल काढ, उंची बघ, आणि पलीकडच्या टोकाला जागा आहे का ते विचार. हे सगळं करूनही कमी पडलं तरच पॉवरकडे बघ, तेही नियमाच्या आत. बहुतेक वेळा तिथपर्यंत पोचावंच लागत नाही.

दोन्ही टोकांना छोटे बॅटरी बॅकअप बसवलेत, कारण आमच्याकडे पावसाची सर आली की वीज जाते. आईचं मनगट आता ठीक आहे, थंडीत थोडं दुखतं. मोबाइल देवघराशेजारच्या खुंटीला टांगलेला असतो. त्यानंतरच्या पावसाळ्यात आई रात्री एकदाही सड्यावर गेली नाही. दिवसा गेली, दोनदा, पण ती गाय शोधायला.

ता. क. : त्या दोन दांड्या फुकट गेल्या नाहीत. आईने परसात मिरचीच्या रोपांना आधार म्हणून लावल्यात. उंची अगदी बरोबर आहे म्हणाली.